थंड तारांवरचा काचबर्फ

क्यूबेकच्या माणसाला बर्फाची भीती वाटत नाही. कॅनडाच्या या फ्रेंचभाषक प्रांतात वर्षातले पाच महिने जमीन दिसत नाही आणि तरी शाळा भरतात, बस धावतात. पण तिथल्या भाषेत एका बर्फाला निराळं नाव आहे, आणि ते उच्चारताना माणसं जरा थबकतात. 'व्हर्ग्ला'. 'व्हेर' म्हणजे काच, 'ग्लास' म्हणजे बर्फ. आपण त्याला काचबर्फ म्हणू.

भुसभुशीत हिम कोटावरून झटकता येतं, वाऱ्याने तारेवरून उडून जातं. काचबर्फ जिथे पडतो तिथे चिकटतो. उंचावर पडायला लागलेलं हिम वाटेत उबदार हवेच्या थरात वितळून त्याचं पाणी होतं. ते थेंब जमिनीजवळच्या गारठलेल्या हवेत शिरतात आणि शून्याच्या खाली जाऊनही द्रवच राहतात, कारण गोठायला त्यांना आधार हवा असतो. फांदी, खांब, वीजवाहक तार अशा कशालाही स्पर्श होताच ते तिथल्या तिथे गोठतात. थेंबावर थेंब बसत पारदर्शक, टणक आणि जड अशी नळी तयार होते. हा पाऊस तासभर पडला तर झाडं झुंबरासारखी चमकतात. १९९८च्या जानेवारीत तो सहा दिवस पडत राहिला.

त्या सहा दिवसांत काय झालं हे समजायला आधी तेहेतीस वर्षं मागे जायला हवं. क्यूबेकच्या मोठ्या नद्या उत्तरेकडच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात वाहतात आणि बहुतेक माणसं दक्षिणेला, सेंट लॉरेन्स नदीच्या काठी राहतात. १९६०च्या दशकात 'हायड्रो-क्यूबेक' या सरकारी वीज कंपनीने मानिक्वागाँ नदीवर प्रचंड धरणं बांधायला घेतली, तेव्हा तिथली वीज शेकडो किलोमीटर दूरच्या माँट्रियलला आणायची कशी, हा प्रश्न उभा राहिला. कंपनीतले इंजिनिअर जाँ-जाक आर्शाँबो यांनी उत्तर सुचवलं: दाब ७३५ किलोव्होल्टपर्यंत चढवा. एवढ्या दाबाची वाहिनी तोवर जगात कुणी चालवली नव्हती. २९ नोव्हेंबर १९६५ रोजी ती चालू झाली आणि अनेक देशांचे इंजिनिअर ती पाहायला क्यूबेकला आले.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. दाब दुप्पट केला की तेवढीच वीज निम्म्या प्रवाहात वाहून नेता येते, आणि प्रवाह निम्मा झाला की तारेतली उष्णता चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणजे वाटेत वाया जाणारी वीज कमी. १९७९पासून जेम्स बेच्या परिसरातल्या महाकाय प्रकल्पांची वीज याच दाबाने सुमारे हजार किलोमीटर, मुंबई-नागपूर रस्त्यापेक्षाही लांबचा पल्ला कापून दक्षिणेला येऊ लागली. ती इतकी मुबलक आणि स्वस्त होती की लोकांनी घरातल्या तेलाच्या भट्ट्या काढून विजेवरचे हीटर बसवले. नव्वदच्या दशकात बहुसंख्य घरं विजेनेच तापत होती.

आर्शाँबो यांच्या कल्पनेचं मोल मला फार वाटतं. एका छोट्या समाजाला तिने स्वतःच्या पायावर उभं केलं. पण तिच्यातल्या गुणाची दुसरी बाजूही होती. उष्णता वाया घालवत नाही ती तार थंड राहते, आणि थंड तारेवर जमलेला काचबर्फ तिच्या आतल्या उबेने कधी वितळत नाही.

*

१९९७-९८चा हिवाळा एल निन्योचा होता, आणि तोही त्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निन्योंपैकी एक. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मेक्सिकोच्या आखातावरून दमट, उबदार हवा उत्तरेकडे चढू लागली. सेंट लॉरेन्स आणि ओटावा नद्यांच्या खोऱ्यांत मात्र गारठलेली जड हवा तळाशी बसून होती. वरची उबदार हवा तिला हलवू शकली नाही, नुसती तिच्यावर पसरली. पूर्वेला अटलांटिकवर जास्त दाबाचं क्षेत्र ठाण मांडून असल्याने ही सगळी व्यवस्था पुढेही सरकेना.

४ जानेवारीच्या रविवारी रात्रीपासून पाऊस सुरू झाला. सोमवारी सकाळी माँट्रियलच्या लोकांनी गाडीच्या काचा खरवडल्या आणि ते कामाला गेले. फांद्या तुटून गल्ल्यांमधल्या तारांवर पडू लागल्या, लाखो घरांची लाइट गेली. हे तिथे अधूनमधून होतंच. फेब्रुवारी १९६१मध्ये माँट्रियलला आणि डिसेंबर १९८६मध्ये ओटावाला मोठी काचबर्फाची वादळं झाली होती; दोन्ही वेळा तीस-चाळीस मिलिमीटर पाऊस गोठला होता. या वेळी पाऊस थांबला, पुन्हा आला, पुन्हा थांबला, पुन्हा आला. कॅनडाच्या हवामान खात्याच्या नोंदीप्रमाणे त्या आठवड्यात ओटावात ८५, माँट्रियलमध्ये १०० आणि कॉर्नवॉलमध्ये १०८ मिलिमीटर पाऊस झाला. मध्ये कुठे हवा गरम झाली असती तर पहिल्या फेरीचा बर्फ गळून पडला असता. तसं झालं नाही. प्रत्येक नवा थर जुन्या थरावर बसत गेला.

या थराचं वजन वाचकाने एकदा स्वतः मोजून पाहावं. ७३५ किलोव्होल्टच्या वाहिनीतली एक तार साधारण ३५ मिलिमीटर जाडीची असते. तिच्या सर्व बाजूंनी ५० मिलिमीटर बर्फ बसला, तर दर मीटरमागे सुमारे १२ किलो भार वाढतो, म्हणजे तारेच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास पाचपट. दोन मनोऱ्यांमध्ये ४०० मीटर अंतर धरलं तर एकेका तारेवर पावणेपाच टनांहून जास्त. आणि अशा वाहिनीत तीन फेजच्या प्रत्येकी चार मिळून बारा तारा असतात. एका गाळ्यात पन्नास टनांच्या पुढचं ओझं मनोऱ्यांच्या हातांना लोंबकळत राहतं. त्या आठवड्यात काही ठिकाणी बर्फाची जाडी ७५ मिलिमीटरपर्यंत गेली.

मनोरा नुसत्या वजनाने पडतो असंही नाही. दोन्ही बाजूंच्या तारा त्याला सारख्याच ताकदीने ओढत असतात, म्हणून तो तोल सांभाळून उभा असतो. एका बाजूची तार तुटली की दुसरी बाजू त्याला आपल्याकडे खेचते. तो कोसळताना पुढच्या मनोऱ्याला ओढतो, तो त्याच्या पुढच्याला. माँट्रियलच्या दक्षिणेकडच्या माँतेरेजी भागात आणि ड्रमंडव्हिलच्या बाजूला शेतांमधून जाणाऱ्या मनोऱ्यांच्या रांगा अशा एकामागून एक झोपल्या. तेव्हाच्या छायाचित्रांत पोलादी मनोरे कमरेत वाकून जमिनीला डोकं टेकलेले दिसतात. हिशेब झाला तेव्हा सुमारे हजार पोलादी मनोरे आणि तीस हजारांहून जास्त लाकडी खांब गेले होते.

*

शुक्रवार, ९ जानेवारीला माणसांनी 'काळा शुक्रवार' म्हटलं. त्या दिवशी हायड्रो-क्यूबेकचे जवळजवळ १४ लाख ग्राहक अंधारात होते. ग्राहक म्हणजे एक मीटर, एक घर. माणसं धरली तर तीस लाखांहून जास्त, म्हणजे निम्मा प्रांत. माँट्रियलच्या बेटाला वीज पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्यांपैकी बहुतेक पडल्या होत्या. मेट्रो बंद झाली. पुलांच्या लोखंडावरून बर्फाचे तुकडे कोसळू लागल्याने पूल बंद करावे लागले. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांची वीज गेली आणि पाणी उकळून प्या, असा इशारा द्यावा लागला. शहरातल्या साठ्यात आग विझवण्यापुरतं पाणी उरेल की नाही, या चिंतेने त्या दुपारी अधिकाऱ्यांना घेरलं होतं. लोकांना ते नंतर कळलं.

आपल्याकडे लाइट जाते तेव्हा पंखा बंद होतो, पंप थांबतो, पोरांचा अभ्यास राहतो. तिथे लाइट गेली की घर तापणं थांबतं. पहिले काही दिवस बाहेरचं तापमान शून्याच्या आसपास होतं, म्हणून स्वेटरवर स्वेटर घालून निभावलं. पाऊस थांबल्यावर खरी थंडी आली. सुमारे सहा लाख माणसांना घर सोडावं लागलं. शाळा, चर्च, क्रीडागृहं यांत खाटा मांडल्या गेल्या. म्हातारी माणसं आपलं घर सोडायला तयार होत नव्हती आणि शेजारी, पोलीस, जवान दारोदार फिरून त्यांची समजूत घालत होते. ज्यांनी बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा जनरेटर लावला, त्यांतले काही जण विषारी वायूने गुदमरून गेले. हवामान खात्याच्या नोंदीत कॅनडातल्या मृतांचा आकडा २८ आहे आणि जखमींचा ९४५.

बुशेरव्हिल या गावाने काढलेला मार्ग आजही सांगितला जातो. डिझेलच्या रेल्वे इंजिनात मोठा जनरेटर असतोच. गावच्या महापौरांनी रेल्वे कंपनीकडून इंजिन मागवलं, ते रुळांवरून खाली उतरवून डांबरी रस्त्याने काही शे मीटर चालवत नेलं, आणि त्याच्या विजेवर गावातल्या सार्वजनिक इमारती चालू केल्या. रस्त्यावर त्याच्या चाकांनी खोल चर पडले.

गायींचं दुःख निराळं होतं. माँतेरेजी हा दुधाचा पट्टा. दूध काढायची यंत्रं विजेवर चालतात, आणि वेळेवर न पिळलेल्या गायीची कास सुजते. शेतकरी एकच जनरेटर ट्रॅक्टरला बांधून रात्रभर या गोठ्यातून त्या गोठ्यात फिरवत होते. आणि काढलेलं दूध? डेअऱ्याच बंद असल्याने त्यातलं कितीतरी ओतून द्यावं लागलं. मेपलची झाडं मोडली त्याचा हिशेब तर वर्षांत करावा लागला, कारण साखरेचा रस देण्याइतकं मेपल वाढायला चाळीसेक वर्षं लागतात.

कॅनडाच्या लष्कराने १५ हजारांहून जास्त जवान उतरवले. कोरियन युद्धानंतरची ती त्यांची सर्वांत मोठी हालचाल होती. रोज संध्याकाळी मुख्यमंत्री ल्युसिएँ बुशार आणि हायड्रो-क्यूबेकचे अध्यक्ष आंद्रे काये टीव्हीवर येत. काये यांचा पांढरा, उंच गळ्याचा स्वेटर तिथल्या पिढीच्या आठवणीत राहिला आहे. किती मनोरे पडले, किती उभे केले, कोणत्या गावाला अजून किती दिवस थांबावं लागेल, हे ते आकड्यांत सांगत. लोक चिडले, रडले, पण ऐकत राहिले. ज्यांच्याकडे टीव्हीला वीज नव्हती ते बॅटरीवरच्या रेडिओवर ऐकत.

सर्वांत उशिरा वीज आली ती सेंत-इयासँत, ग्रॅनबी आणि सँ-जाँ-स्यूर-रिशल्यो या तीन गावांमधल्या भागात. वर्तमानपत्रांनी त्याला 'काळा त्रिकोण' म्हटलं. अमेरिकेतून आणि इतर प्रांतांतून आलेले लाइनमन स्थानिक लाइनमनच्या खांद्याला खांदा लावून तिथे खांब रोवत होते. गोठलेल्या जमिनीत खड्डा घ्यायचा, खांब उभा करायचा, तार ओढायची, पुढच्या खड्ड्याकडे जायचं. शेवटचं घर उजळलं तेव्हा फेब्रुवारीचा पहिला आठवडा सरला होता.

*

चौकशीसाठी इंजिनिअर रोजे निकोले यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि १९९९मध्ये त्याचा अहवाल आला. जाळं मजबूत करा, मोठ्या लोकवस्तीला एकाहून जास्त दिशांनी वीज पोचेल अशी सोय करा, आपत्तीच्या वेळी कोण काय करील हे आधी ठरवा, असा त्याचा रोख होता. त्यातलं बरंच झालं. नव्या मनोऱ्यांची ताकद वाढवली गेली. रांगेत ठरावीक अंतरावर जास्त भक्कम मनोरे आले, म्हणजे एक पडला तरी पडझड पुढच्या भक्कम मनोऱ्याशी थांबावी. माँट्रियलच्या दक्षिणेकडून नवी ७३५ किलोव्होल्टची वाहिनी आखली गेली. सरकारने ती घाईने, नेहमीची सुनावणी टाळून रेटली, तेव्हा व्हाल-सँ-फ्राँस्वा भागातले रहिवासी कोर्टात गेले आणि कोर्टाने सरकारी आदेश बेकायदा ठरवले. पुढे कायदा करून काम पुरं केलं गेलं. अंधाराच्या आठवणीपोटीही रहिवाशांचं म्हणणं ऐकून घेणं सुटायला नको होतं, असं मला ठामपणे वाटतं.

पण मनोरे किती भक्कम करणार? हजारो किलोमीटरच्या जाळ्यातला प्रत्येक मनोरा शंभर मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधायचा तर खर्चाला अंत नाही. म्हणून दुसऱ्या वाटेचं काम जोरात सुरू झालं: बर्फ चढत असतानाच ओळखायचा, आणि ओझं हाताबाहेर जाण्याआधी उतरवायचा.

ओळखण्याचं एक उपकरण फार देखणं आहे. विमानांसाठी बनलेली ही बोटाएवढी धातूची दांडी सेकंदाला सुमारे चाळीस हजार वेळा कंप पावते. तिच्यावर बर्फ बसला की वजन वाढतं आणि कंपनाची गती उतरते. तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवल्यावर स्वर बदलावा तशी. ठरावीक बर्फ बसला की दांडी स्वतःला तापवून तो झाडून टाकते आणि पुन्हा मोजायला लागते. तासाभरात ती किती वेळा तापली यावरून बर्फ कोणत्या वेगाने चढतो आहे हे नियंत्रण कक्षात कळतं. हायड्रो-क्यूबेककडे बर्फ मोजण्याची केंद्रं १९७०च्या दशकापासून होती. अशा दांड्यांनी ती तत्क्षणी बोलणारी झाली. इतरत्र तार जिथे मनोऱ्याला टांगलेली असते तिथे ताण मोजणारी उपकरणं आणि कॅमेरे लावतात.

उतरवण्याच्या रीती जुन्या आहेत. लांब काठीने तारेला ठोकायचं, दोर टाकून हिसका द्यायचा, तारेवरून कप्पी ओढत न्यायची. क्यूबेकमधल्याच शिकुतिमीच्या विद्यापीठात मसूद फरजानेह यांच्या नेतृत्वाखाली बर्फ आणि वीजवाहिन्या यांवर स्वतंत्र संशोधनकेंद्र उभं राहिलं. कंपनीच्या प्रयोगशाळेने तारेला टांगून दुरून चालवायचं एक यंत्र केलं. त्यात बिनगोळीची काडतुसं असतात. एकेका काडतुसाच्या धक्क्याने तारेतून लहर धावते आणि बर्फ तडकून पडतो. तारेवर चालणारी छोटी गाडीही त्यांनी बनवली, तिचीच नंतर वाहिन्या तपासणारी यंत्रमानव-मालिका झाली.

पण शेकडो किलोमीटरच्या वाहिन्यांना धक्के मारत बसणं शक्य नाही. तारा आतून तापवायला हव्यात. कॅनडाच्याच मॅनिटोबा प्रांतात आणि सोव्हिएत संघात ही रीत कितीतरी आधीपासून चालत होती: वाहिनी ग्राहकांपासून तोडायची, दूरच्या टोकाला जोडून बंद करायची आणि तिच्यातून मोठा प्रवाह सोडायचा. क्यूबेकची अडचण म्हणजे त्यांच्या तारा जाड, चारचारच्या जुड्यांत आणि फार लांब. तिथे नेहमीचा उलटसुलट वाहणारा एसी प्रवाह वापरला तर तारांच्या चुंबकीय विरोधावर मात करण्यातच बहुतेक ताकद खर्ची पडते. म्हणून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा प्रवाह निवडला गेला.

क्यूबेक सिटीसमोर, सेंट लॉरेन्सच्या दक्षिण काठावर लेव्ही इथल्या उपकेंद्रात ही यंत्रणा २००८च्या सुमारास उभी राहिली. दाब फक्त अधिक-उणे १७.४ किलोव्होल्ट आणि प्रवाह ७,२०० अँपिअरपर्यंत. ताकद २५० मेगावॉट. तिथून चार ७३५ किलोव्होल्टच्या आणि एक ३१५ किलोव्होल्टची अशा पाच वाहिन्या आळीपाळीने तापवता येतात. सगळा बर्फ वितळवावा लागत नाही. तार तापली की बर्फाच्या नळीचा वरचा भाग आतून चिरत जातो आणि उरलेली नळी स्वतःच्या वजनाने खाली पडते. भार उतरताच तार उसळी घेते, म्हणून आसपास कुणी असता कामा नये. एका वेळी एकच वाहिनी बंद करायची आणि तोवर भार उरलेल्या वाहिन्यांनी वाहायचा. त्यामुळे कोणत्या वाहिनीवर किती बर्फ आहे हे आधी अचूक कळणं अत्यावश्यक. कंप पावणारी ती दांडी आणि हे उपकेंद्र असे एकमेकांवर अवलंबून आहेत.

आर्शाँबो यांनी दाब चढवून प्रवाह उतरवला होता. लेव्हीने तासाभरापुरतं नेमकं उलटं केलं: दाब खाली, प्रवाह वर, आणि सगळी वीज मुद्दाम उष्णतेत घालवायची. बर्फ नसतो त्या दिवसांत, म्हणजे वर्षातला जवळजवळ सगळा काळ, हीच यंत्रणा वाहिन्यांचा दाब स्थिर ठेवण्याचं काम करते.

लेव्हीचं काम पुरं होत होतं त्याच सुमारास, २००८च्या जानेवारी-फेब्रुवारीत, दक्षिण चीनवर काचबर्फ कोसळला. वसंतोत्सवासाठी कोट्यवधी लोक गावाकडे निघाले होते आणि रेल्वेची वीजच गेली. हूनान प्रांतातलं चेन्झोऊ शहर जवळजवळ दोन आठवडे अंधारात राहिलं. छांग्शाजवळ मनोऱ्यावर चढून हाताने बर्फ फोडणारे तीन कामगार मनोऱ्यासकट कोसळून मरण पावले. त्यानंतर चीनच्या दक्षिणेकडच्या उपकेंद्रांत तारा तापवणारी डीसी यंत्रं मोठ्या संख्येने बसवली गेली. माणसाला बर्फाळलेल्या मनोऱ्यावर चढावं लागू नये, एवढ्या एका कारणासाठीही ती हवीच होती.

५ एप्रिल २०२३ रोजी माँट्रियलवर पुन्हा काचबर्फ पडला. दहा लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या आठवणी घराघरात निघाल्या. मोठे मनोरे आणि मुख्य वाहिन्या या वेळी उभ्या राहिल्या. तुटली ती गल्लीतली झाडं, आणि ती पडली घरांच्या तारांवर. लेव्हीसारखी यंत्रणा तिथवर पोचत नाही. एक-दोन दिवसांत हवेत ऊब आली, काचबर्फ आपोआप गळून पडला. फांद्या कापून, तारा जोडून शेवटच्या घराची लाइट यायला मात्र आणखी काही दिवस गेले.